फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नो’

मशीनने पुन्हा अकरा हजार दाखवले.

आमच्या लॅबचा नियम आहे. प्लेटलेटचा आकडा फार खाली आला की तेच सॅम्पल पुन्हा लावायचं. मी लावलं. अकरा हजार दोनशे. मग काचेवर थेंब पसरला, रंगवला आणि मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी मोजल्या. तेवढ्याच. माणसाच्या रक्तात या प्लेटलेट दीड लाखाच्या वर असाव्या लागतात. कुठे कापलं, खरचटलं तर रक्त थांबवायचं काम त्यांचं. आकडा एवढा खाली असताना लहान मूल पलंगाच्या कडेला नुसतं आपटलं तरी डोक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

सॅम्पलवर नाव होतं तनिष्का परब, वय दोन वर्षं दोन महिने. तिची फाइल आता माझ्या मनगटाएवढी जाड झाली होती.

मी घाडगे. बोरिवलीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात सीनियर लॅब टेक्निशियन. एकतीस वर्षं रक्त काढतेय, मोजतेय. पाय सुजतात, मान धरते, आणि मुलांच्या वॉर्डाचं सॅम्पल आलं की अजूनही आधी वय वाचते. लोकांना वाटतं सवय होते. काही होत नाही.

असा आकडा आला की रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन करायचा असतो. मी मुलांच्या डॉक्टरांना, मेहता सरांना लावला.

“सर, परब बेबी. अकरा हजार.”

“हो, आयटीपीच आहे ना ती. पाठवा वर. स्टेरॉइडचा डोस बघतो.”

आयटीपी म्हणजे काय ते सांगते. शरीराचे पहारेकरी बिघडतात आणि आपल्याच प्लेटलेटना शत्रू समजून मारतात. माल तयार होतो, पण रस्त्यात लुटला जातो. मुलांमध्ये हा आजार बऱ्यापैकी दिसतो, आणि बहुतेक मुलं आपोआप नाहीतर औषधाने बरी होतात. म्हणून कुणाच्याही डोक्यात पहिलं नाव तेच येतं. मेहता सर वाईट डॉक्टर नाहीत. ओपीडीत रोज साठ मुलं बघणाऱ्या माणसाच्या डोक्यात आधी नेहमीचंच येणार.

तनिष्काला घेऊन दोघी यायच्या, दहिसरहून रिक्षाने. आई वैदेही, अठ्ठावीस-तीसची, एका कुरिअर कंपनीच्या ऑफिसात कामाला. आणि सासू, परब काकू. काकूंनी नातीसाठी जुन्या गोधडीची जाड टोपी शिवली होती, आत कापूस भरून. पोरगी पडली तरी डोक्याला लागू नये म्हणून. मे महिन्याच्या उकाड्यातसुद्धा ती टोपी डोक्यावर. स्टेरॉइडने पोरीचे गाल फुगले होते, अंगभर निळे-लाल ठिपके. तरी मला बघून हात मागे लपवायची आणि हसायची. मी तिला म्हणायचे, “लपव, लपव. मला दुसरा सापडतो.”

आता माझ्या डोक्याला ताप देणारी गोष्ट सांगते. आयटीपीत शरीर घाईघाईने नवीन प्लेटलेट रस्त्यावर पाठवत असतं. त्या कोवळ्या असतात, आकाराने मोठ्या दिसतात. हिच्या काचेवर एकही तशी नव्हती. ज्या होत्या त्या नेहमीच्याच आकाराच्या. एकदा वाटलं, रंग नीट बसला नसेल. पुढच्या वेळी परत तेच.

मग मार्चमध्ये तिला बाहेरून प्लेटलेटची पिशवी चढवली. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न हजार. तिसऱ्या दिवशी एक्केचाळीस. पाचव्या दिवशीही सत्तावीस होत्या. आता तुम्हीच सांगा, रस्त्यात लुटारू बसले असते तर त्यांनी या का सोडल्या असत्या? आयटीपीत चढवलेला माल रातोरात गायब होतो. इथे तो आपलं आयुष्य पुरं करून मग संपत होता. आणि गेल्या दोन महिन्यांत हिमोग्लोबिन घसरत होतं, पांढऱ्या पेशीही. स्टेरॉइडवर पांढऱ्या पेशी चढतात, हिच्या उतरत होत्या.

मी सगळे रिपोर्ट एकाखाली एक लावले आणि आमच्या लॅबचे हेड, पॅथॉलॉजिस्ट कामत सर, त्यांच्या टेबलावर ठेवले.

“घाडगे बाई, तुम्हाला म्हणायचंय काय? मारल्या जात नाहीयेत, मुळात बनतच नाहीयेत?”

“मी काही म्हणत नाही सर. काच म्हणतेय.”

त्यांनी एकेक रिपोर्ट परत वाचला. माणूस जुना आणि सरळ आहे. मग म्हणाले, “असं जन्मजात असतं, पण लाखात एखादं. आईबाप एकमेकांच्या रक्तातले असले तर शंका घ्यायला जागा असते. हिचा फॉर्म काढा.”

रक्ताच्या आजाराचा पेशंट आला की आमच्याकडे एक पानाचा फॉर्म भरतात. तो मीच भरते. काढला. त्यात सहावा प्रश्न, रक्ताच्या नात्यात लग्न आहे का. पुढे माझ्याच अक्षरात इंग्रजीत ‘नो’.

“बघा,” कामत सर म्हणाले. “आणि दोन वर्षांच्या पोरीच्या हाडात सुई घालून मॅरो काढायचा, तोही अकरा हजारांवर? निव्वळ तुमच्या-माझ्या शंकेवर मेहता तयार होणार नाहीत.”

ते खरंच होतं. तेवढ्यात मेहता सरांनी एक नवीन गोळी ठरवली होती. प्लेटलेटचं उत्पादन वाढवणारी. सोमवारपासून सुरू, आणि तीन महिने वाट बघायची. वैदेही खूश होती. मला म्हणाली, “मॅडम, ही शेवटची गोळी. हिने होणारच, सर म्हणाले.” मी मान हलवली. माझ्या हातात फॉर्म होता, आणि फॉर्मवर मीच ‘नो’ लिहिलं होतं.

शुक्रवारी गोळीच्या आधीचं बेसलाइन सॅम्पल घ्यायचं होतं. सकाळचे साडेदहा, बाहेर तोबा गर्दी. वैदेही खुर्चीत, पोरगी मांडीवर, काकू बाकावर पर्स सांभाळत. सुई लागली, तनिष्का रडली, आणि रडता रडता तिच्या नाकातून रक्त आलं. थेंब नाही, धार. वैदेहीच्या ड्रेसवर, माझ्या ग्लोव्हवर. वैदेहीचा एक हात मी धरायला लावलेल्या कापसावर अडकलेला. ती जिवाच्या आकांताने ओरडली.

“आत्ये, धर गं हिला! डोकं धर!”

काकू धावल्या. आम्ही पोरीला पुढे वाकवलं, नाक चिमटीत दाबलं. तीन जणींचे सहा हात. अठरा मिनिटं लागली रक्त थांबायला, मी घड्याळ बघत होते. मेहता सरांचा असिस्टंट खाली आला, बघून गेला. तनिष्का दमून आजीच्या खांद्यावर झोपली. टोपी लाल झाली होती.

मी हात धुवायला बेसिनशी गेले, आणि तिथे नळ सुरू ठेवून तशीच उभी राहिले.

धर गं.

आता मी साताऱ्याकडची. आमच्याकडे सून सासूला आत्या म्हणते आणि सासऱ्याला मामा. नातं असो वा नसो, तशी पद्धतच आहे. माझ्या सासूबाईंशी माझं लग्नाआधी काडीचं नातं नव्हतं, तरी मी त्यांना जन्मभर आत्याच म्हटलं. त्यामुळे गेलं वर्षभर वैदेही ‘आत्या, तू बस’, ‘आत्या, पाणी दे’ म्हणायची, तेव्हा माझ्या कानांना काहीच वेगळं वाटलं नाही. ते ‘तू’ मात्र ऐकलं होतं. मनात म्हटलंही होतं, काय या आजकालच्या पोरी, सासूला खुशाल तू म्हणतात! पण मी माझ्या सासूबाईंना ‘तुम्ही’ सोडून कधी काही म्हटलं नाही. आणि परब साताऱ्याचे नव्हेत, कोकणातले. बहुतेक मालवणी घरांत सून सासूला आई म्हणते. जीव जायची वेळ आली की माणूस सासूला ‘धर गं’ म्हणत नाही. ज्या बाईच्या कडेवर आपण लहानाचे मोठे झालो, तिलाच म्हणतं.

मी नळ बंद केला आणि बाहेर गेले.

“वैदेही, या तुझ्या कोण?”

“सासू.”

“ते मला माहीत आहे गं. लग्नाआधी कोण होत्या?”

“आत्या. सख्खी आत्या. माझ्या बाबांची मोठी बहीण.”

आवाज चढला माझा, चढायला नको होता. “मग मी फॉर्म भरताना विचारलं, रक्ताच्या नात्यात लग्न आहे का, तेव्हा दोघींनी नाही का सांगितलं?”

काकूंना रागच आला. “रक्ताचा नाता खयचा? ती सावंतांची, आमी परब. कूळ येगळा, देवक येगळा. भावकीत थोडाच लगीन केलंव आमी?”

आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. हेच तर आहे. आपल्याकडे चुलत भावाबहिणीचं लग्न म्हटलं तर लोक कानांवर हात ठेवतील. पण मामाची मुलगी? ती हक्काची सून. आडनाव वेगळं, कूळ वेगळं, मग रक्त एक कसं? माझ्या माहेरीही दोन लग्नं अशीच झालीत. मला कुणी तो प्रश्न विचारला असता तर मीही ‘नाही’च म्हटलं असतं. एकतीस वर्षं रक्तात हात घालून.

मी कामत सरांच्या केबिनमध्ये गेले. दार वाजवायचं भान नव्हतं.

“सर, परबांचा फॉर्म चुकलाय. मी चुकवलाय. पोरीची आई नवऱ्याच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फोन उचलला. “मेहता, ती गोळी सोमवारी सुरू करू नका. आधी मॅरो बघू. नाही, ऐका माझं. ऐका.”

सोमवारी आधी प्लेटलेट चढवल्या आणि मग मॅरो काढला. मॅरो म्हणजे हाडाच्या आतला गर. तिथे रक्त तयार होतं. काचा मीच पसरल्या. त्या गरात एक राक्षसासारखी मोठी पेशी असते, तिचे तुकडे पडून प्लेटलेट बनतात. एवढी मोठी, की साध्या लेन्सखालीही लगेच दिसते, शोधावी लागत नाही. मी सात काचा शोधल्या. कामत सरांनी त्याच सात परत शोधल्या. एक सापडली, तीही खुरटलेली. दुपारचे तीन वाजले होते. आम्ही दोघंही जेवलो नव्हतो.

मग जीनची तपासणी बाहेर पाठवली. काही आठवड्यांनी उत्तर आलं. ते मी वैदेहीला जसं सांगितलं तसंच तुम्हाला सांगते. प्लेटलेट बनवा, अशी ऑर्डर शरीरात एका हॉर्मोनमार्फत जाते. ती मॅरोमधल्या पेशींनी घ्यावी लागते. त्यासाठी पेशीच्या अंगावर एक घेणारा असतो, त्याला रिसेप्टर म्हणतात. दारावरची बेल समजा. तनिष्काच्या पेशींवर ती बेलच नीट बनलेली नव्हती. ऑर्डर ढिगाने येत होत्या, दार वाजतच नव्हतं. आणि ती नवीन गोळी? ती त्याच बेलवर बोट ठेवते. तिची बेल बंद, म्हणजे तीन महिने आम्ही मेलेलं बटण दाबत बसलो असतो. शिवाय ही बेल फक्त प्लेटलेटपुरती नसते. बाकीचं रक्त जिच्यातून बनतं ती मूळ पेशीही तिच्यावर जगते. म्हणून हळूहळू सगळाच मॅरो सुकत चालला होता. उपाय एकच, दुसऱ्याचा चांगला मॅरो.

मेहता सरांच्या केबिनमध्ये सगळ्यांना बोलावलं. वैदेही, तिचा नवरा नीलेश, काकू. मीही रिपोर्ट घेऊन उभी होते. सर मनातून हादरले होते, आणि हादरलेला डॉक्टर ओरडतो.

“एवढी मोठी गोष्ट लपवलीत तुम्ही? वर्षभर आम्ही अंधारात औषधं देतोय!”

नीलेशने मान खाली घातली. मला राहवलं नाही.

“सर, त्यांनी नाही लपवलं. प्रश्न मी विचारला होता आणि चुकीचा विचारला होता.”

“सिस्टर—”

“मी सिस्टर नाही सर, टेक्निशियन आहे. आणि सासूला आत्या म्हणताना मी तिला वर्षभर ऐकत होते.”

“आपण नंतर बोलू,” ते म्हणाले. ते नंतर कधी आलंच नाही. मीही आठवण करून दिली नाही. पण एक सांगायला हवं, त्याच दुपारी मोठ्या हॉस्पिटलातल्या रक्ताच्या डॉक्टरीणबाईंना त्यांनी स्वतः तीनदा फोन करून अपॉइंटमेंट मिळवली.

त्या बाईंनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की मुलीला घरातल्या कुणाचंही रक्त द्यायचं नाही. पुढे घरातल्याच कुणाचा मॅरो घ्यायची वेळ आली तर तिच्या शरीराने तो आधीच ओळखून परतवायला नको. कारण साधं होतं. पण काकूंच्या कानांवर काय पडलं? आमचं रक्त नको.

त्यानंतर एकदा काकू एकट्याच लॅबमध्ये आल्या. पोरीचा रिपोर्ट न्यायला म्हणून. रिपोर्ट घेतला आणि बाकावर बसूनच राहिल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, पायही दुखत होते.

“बाय, मीयाच हाडलंय तिका ह्या घरात,” त्या म्हणाल्या. “भावाचा चेडू, डोळ्यासमोर ऱ्हवात म्हटलंय. आता ता माका आत्या म्हणना नाय. ‘अहो आई’ म्हणता.”

भावाची मुलगी डोळ्यांसमोर राहील म्हणून त्यांनीच तिला सून करून आणलं होतं. तिचं बदललेलं बोलणं मीही ऐकलं होतं. गेले दोन महिने वैदेही सासूला ‘अहो आई’ म्हणत होती आणि ‘तुम्ही’. सुनेने सासूला द्यायचा तो सगळा मान देत होती. ऐकवत नव्हतं.

मी काकूंना समजावलं. बेल बनवायची पाककृती प्रत्येकाकडे दोन असते, एक आईकडची, एक बापाकडची. एक चुकीची असली तरी दुसरीवर काम भागतं, कुणाला कळतही नाही. तुमच्या वडिलांकडे किंवा आईकडे तशी एक चुकीची असणार. ती तुमच्याकडे आली, तुमच्या भावाकडे आली. तिथून नीलेशकडे आणि वैदेहीकडे. चौघंही ठणठणीत. तनिष्काला नेमक्या दोन्ही चुकीच्या मिळाल्या. अशी लग्नं होऊन कितीतरी घरांत धडधाकट मुलं आहेत. “यात तुम्ही काही केलेलं नाही,” मी म्हटलं. त्या म्हणाल्या, “लगीन मीयाच ठरवलंय मां?” मी चहा मागवला.

तनिष्काचा मोठा भाऊ ओम, सहा वर्षांचा. त्याचा मॅरो जुळला. इतक्या वर्षांत मी देवाला लॅबमध्ये फारसं आणलं नाही, त्या दिवशी मात्र हात जोडले. मग मोठ्या हॉस्पिटलात महिनोन्महिने. ताप, उलट्या, गेलेले केस, एकदा तर नीलेशचा फोन आला आणि तो नुसता रडला. तो भाग माझा नाही, मी तो दुरून बघितला. पोरगी वाचली.

आमच्या फॉर्मवरचा सहावा प्रश्न आता बदललाय. कामत सरांनी स्वतः टाइप केला: लग्नाआधी नवरा-बायको एकमेकांचे कोण लागत होते? मी त्यात तोंडी एक जोडते. सासूला लग्नाआधी काय हाक मारायचीस? बायका आधी हसतात, मग सांगतात. कधी ‘काही नाही, ओळखच नव्हती’. कधी ‘आत्या’. कधी ‘मामी’.

गेल्या महिन्यात तनिष्का फॉलोअपच्या सॅम्पलला आली. मोठं हॉस्पिटल लांब पडतं, म्हणून नेहमीचं रक्त आता आमच्याकडेच देतात. टोपी नव्हती. डोक्यावर केस आलेले, कुरळे, आधी सरळ होते. मशीनने दोन लाख चौदा हजार दाखवले. नॉर्मल आकडा पुन्हा लावत नाहीत, किट फुकट जातं. मी लावला. दोन लाख बारा हजार.

रिपोर्ट द्यायला मीच बाहेर गेले. वैदेही बिलाच्या काउंटरवर होती आणि पोरगी तिचा हात सोडून लिफ्टकडे सुसाट धावत सुटली होती.

“आत्ये, धर गं हिला!” वैदेही ओरडली.

काकू गुडघे सांभाळत उठल्या. “धरतंय गो, धरतंय!” म्हणत धावल्या. डोळे मात्र पुसत होत्या, त्यामुळे पोरगी काही हाताला लागली नाही. शेवटी मीच धरली.

लॅबमध्ये नवीन मुली कामाला लागतात, त्यांना मशीन शिकवायला कंपनीचा माणूस येतो. मी एवढंच सांगते, फॉर्म भरताना मान वर ठेवा आणि समोर कोण कुणाला काय हाक मारतंय ते ऐका. त्या हो म्हणतात आणि परत स्क्रीनकडे बघतात. मीही इतकी वर्षं तेच करत होते.